तिसऱ्या मशीनचा पांढरा

प्रोजेक्टर विकायला आलेल्या निशांतने तिसरं मशीन बॅगेतून काढून टेबलावर ठेवलं, तशी बाजीरावांनी आपली खुर्ची उगाचच हातभर पुढे ओढली. आधीचे दोन प्रोजेक्टर शेजारीच होते. त्याच बांध्याचे, त्याच करड्या रंगाचे, खांद्याला अडकवून कुठेही नेता येतील असे. तिन्हींतला एक निवडायचा होता. रबाळ्याच्या त्या पेंट कारखान्यात रंगाची निवड म्हटली की सगळे बाजीरावांच्या तोंडाकडे बघत. आजही बघत होते.

"काका, तुम्ही बोट ठेवाल तो घेऊ," विश्वजित म्हणाला. वडिलांच्या खुर्चीत नुकताच बसलेला मालक, कमरेला पेजर. बिल्डरांच्या ऑफिसात जाऊन भिंतींचे रंग पडद्यावर दाखवायचे, ही कल्पना त्याचीच. "डब्यातली शेड पडद्यावर तशीच दिसली पाहिजे. त्यातलं आम्हाला काय कळतंय?"

बाजीराव हसले. पहिल्या दोन मशीनमध्ये त्यांना काडीचा फरक दिसला नव्हता, आणि त्यात मशीनचा दोष नव्हता. वर्षभर सगळ्या जगावर कुणी चहाचं पाणी फिरवावं तसं झालं होतं. आधी निळा मळला, मग जांभळा जाऊन करड्याला मिळाला. घरी सांगितलं नव्हतं, डॉक्टरकडे गेले नव्हते. साताऱ्याहून आल्यापासून त्यांनी शेड जुळवण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. हे बाहेर फुटलं तर शेड रूममधून उठून पॅकिंगमध्ये बसावं लागेल, या विचारानेच त्यांची झोप उडत असे.

म्हणून आज त्यांनी युक्ती काढली होती. पडद्याकडे बघायचंच नाही, माणसांकडे बघायचं. पहिल्या मशीनला विश्वजितने मान वाकडी केली होती. दुसऱ्याला गीतांजली, त्यांची शेड रूममधली असिस्टंट, काहीतरी बोलता बोलता थांबली होती. तिसरं लागलं. पडद्यावर पांढरी भिंत उमटली, तिच्याखाली फिकट निळी पट्टी. कुणी हललं नाही, की मान वाकडी केली नाही. सगळे टक लावून त्यांच्याकडे बघत राहिले. बाजीरावांना वाटलं, पसंत पडलेलं दिसतंय.

"हा घ्या," ते म्हणाले. "पांढरा बघा याचा. पांढरा असा पायजे."

निशांत घसा खाकरत उठला.

"सॉरी सर, एक मिनिट हं. केबल लूज झालीय. निळा नीट येत नाहीये, सगळं पिवळट मारतंय." त्याने मागची केबल दाबली. "हां. आता बघा."

बाजीरावांनी बघितलं. मघाशी होतं तेच होतं.

विश्वजित खो-खो हसायला लागला. "काय काका! आमची परीक्षा घेत होता होय? आणि आम्ही सगळे बसलोय चिडीचूप! तुमच्यापुढे बोलायची कुणाची टाप आहे?"

"म्हटलं बघू, कोण तोंड उघडतंय," बाजीराव म्हणाले. वेळ मारून नेली खरी.

"मग फायनल कुठला?"

बाजीरावांनी तिन्ही मशीनवरून नजर फिरवली. तेवढ्यात गीतांजली म्हणाली, "दुसरा ना, सर? मघाशी हळूच म्हणालात मला."

ते तिला काहीच म्हणाले नव्हते. त्यांनी मान डोलावली.

शेड रूममध्ये शिरल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. ते संतापले होते; तिच्यावर की स्वतःवर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मी कधी म्हणालो गं तुला?"

गीतांजली खिडकीपाशी उभी होती. दिवसाच्या उजेडात शेड तपासायची ती जागा.

"केव्हापासून माहीत आहे तुला?" बाजीरावांनीच पुढे विचारलं.

"गणपतीत तो पांढरा पिवळट आहे म्हणून गिऱ्हाइकाकडून परत आला ना, सर, तेव्हापासून."

"त्यानंतर तर एकही माल परत आला न्हाई." हे त्यांनी जवळजवळ भांडल्यासारखं म्हटलं. या एका गोष्टीवर ते अजून तग धरून होते.

ती टेबलाकडे वळली. मग म्हणाली, "तुमची सही झाली की मी थोडा निळा घालते, सर. पांढऱ्यात, क्रीममध्ये. जेवढा लागेल तेवढा."

बाजीराव स्टुलावर बसले. लाज तर वाटलीच. पण त्याहून मोठं काहीतरी छातीवरून उतरलं, आणि त्यांना डोळे पुसावे लागले. टेबलावर सकाळच्या पांढऱ्याचा डबा होता. झाकणाला त्यांच्या सहीची चिठ्ठी चिकटवलेली होती.

"यात घातलास?"

"अजून नाही. तुम्ही जेवायला गेलात की घालणार होते."

त्यांनी चिठ्ठी सोलून काढली आणि डबा तिच्याकडे सरकवला.

"आता घाल," ते म्हणाले. "माझ्यासमोर घाल."