सामानापाशी

आईच्या पुण्यानुमोदनाला अण्णा उभे राहिले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "शेवंतीला मी कशाची कमी पडू दिली नाही. महाराष्ट्रातले सगळे वाडे, राजवाडे तिला दाखवले."

केबिन रोडमागच्या विहाराचा हॉल भरलेला होता. परभणीहून आलेले नातेवाईक, अण्णांचे पोस्टातले सहकारी, आमच्या बिल्डिंगमधल्या गुजराती बायका, सगळ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी आईच्या फोटोकडे बघत होते. तिचा एकटीचा फोटो घरात सापडला नव्हता. कुठल्याशा लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिला कापून मोठं केलं होतं, त्यामुळे एका बाजूला दुसऱ्याच कोणाचा तरी खांदा आला होता.

मी तिथे काही बोलले नाही. भंतेजी बसले होते, लोकांची जेवणं व्हायची होती. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पावसाळा सरला, शाळांना दिवाळीची सुट्टी लागली, तरी गेलं नाही. ते खोटं होतं. आणि राग येण्यासारखी गोष्ट ही की अण्णांना ते खरं वाटत होतं. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकावं लागणार होतं, एवढं मी ठरवलं होतं.

आमच्या घरी दिवाळी नसायची. आई थोडा चिवडा, शंकरपाळे करायची, ते शेजारून आलेली ताटं रिकामी कशी परत पाठवायची म्हणून. पूजा, पणत्या, फटाके काही नाही. अण्णा म्हणायचे, "दिवाळी आपली नाही, पण सुट्टी आपलीच आहे." मग पाडवा नाहीतर भाऊबीज गाठून, बिल्डिंग फटाक्यांच्या धुरात बुडालेली असताना, आम्ही चौघं पहाटेच घराबाहेर पडायचो. कुठला तरी राजवाडा, कुठल्या तरी सरदाराची हवेली. किल्ले नाहीत, चौपाटी नाही. अण्णांना घरंच बघायची असत.

ती का, हे त्यांनी आमच्यापासून लपवलं नव्हतं. त्यांचे आजोबा गावच्या देशमुखाकडे लाकडं फोडायला जायचे, मागच्या दाराने. भाकरी वरून ओंजळीत पडायची. लहानपणी अण्णा आजोबांबरोबर त्या अंगणाच्या कडेला उभे राहिले होते, पण आत काय आहे ते त्यांना कधी दिसलं नाही. म्हणून मोठेपणी, इस्त्रीचा शर्ट खोचून, रीतसर तिकीट काढून ते आम्हाला पुढच्या दाराने आत न्यायचे. उंबऱ्याशी थांबून सांगायचे, "मान वर. कुजबुजायचं नाही, नीट मोठ्याने बोलायचं." त्या घराविषयी मिळेल ते वाचून आलेले असायचे. कोणी बांधलं, कधी बांधलं, लाकूड कुठून आणलं, सगळं तोंडपाठ.

आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या धाकट्या भावाला, उदयला. आई बाहेर.

आत पिशव्या नेऊ देत नसत. चपला काढाव्या लागत. डबा, पाण्याचा कॅन, सतरंजी, उदयचा स्वेटर, असं सामान बरंच असायचं. "तू थांब गं सामानापाशी, आम्ही आलोच," अण्णा म्हणायचे. पुढे पुढे म्हणायचीही गरज राहिली नाही. आई फाटकाजवळ सावली शोधायची, आमच्या चपला जोडीने मांडायची आणि पदर सावरून बसायची. आम्ही बाहेर आलो की उदय झुंबरांचं वर्णन करायचा आणि ती पुऱ्या वाढता वाढता ऐकायची. "येवढं मोठं? मग त्ये पुसतं कोण?"

राजगृहाची गोष्ट वेगळी. दादरला आम्ही गेलो की आईही आत यायची, चपला पिशवीत, पिशवी काखेत. पण ती सहल नव्हती.

पुढच्या दाराचा एवढा हट्ट धरणाऱ्या माणसाने दर वर्षी एक माणूस अंगणाच्या कडेला बसवून ठेवलं.

आई कधी बोलली नाही, असं नाही. मी दहावीत असताना अण्णांनी लक्ष्मीपूजनाचाच दिवस धरला. दोन गाड्या बदलून आम्ही पोचलो तर राजवाडा बंद, फाटकाला झेंडूचं तोरण आणि कुलूप. ज्यांच्या घरी दिवाळी असते त्यांच्या हे आधीच लक्षात आलं असतं. अण्णा फाटकाच्या गजांतून आत बघत येरझाऱ्या घालत होते. आई सतरंजी पसरून हसत सुटली. "बरं झालं. आज समद्यांनीच माझ्यावानी भाईरून बघितला." अण्णा म्हणाले, "पुढच्या वेळी आधी फोन करू."

आणि एक घर तिने स्वतः निवडलं होतं. मोरव्याच्या पुढे, उत्तनच्या रस्त्याला, एका मिठागरवाल्या शेटचा जुना बंगला आहे. तारोडीला दुर्गा कोळणीकडे सुकट आणायला आई बसने जायची तेव्हा तिला खिडकीतून तो दिसायचा, वरच्या सज्जाला रंगीत काचा असलेला. शेटच्या वारसांनी तो सुट्टीच्या दिवसांत लोकांना बघायला खुला केला, त्या वर्षी ती अण्णांना म्हणाली, "ह्यो जवळचा हाय. डबा नको, पिशवी नको. मलाबी बघू द्या की." मी तिथेच भाजी निवडत होते. अण्णा म्हणाले, "अगं तो काय, घरामागेच आहे. कधीही जाऊ. आधी लांबचे होऊ दे."

लांबचे होत राहिले. शहाण्णवच्या जुलैत आई गेली.

नोव्हेंबरात अण्णांचा मला मीरा रोडला फोन आला. "रविवारी ये. रुचिताला शेटचा बंगला दाखवतोय. घरात बसवत नाही बघ." रुचिता म्हणजे उदयची मुलगी, तिसरीत होती. मी फोन कानाला धरून थांबले. आईने विचारलं होतं, हे त्यांना आता तरी आठवेल असं वाटलं. अण्णा म्हणाले, "साडेनऊची बस गाठू, म्हणजे ऊन व्हायच्या आत बघून होईल."

बंगला घरामागेच असला तरी उदयच्या बायकोने, पायलने, पुऱ्याभाजीचा डबा केला होता. पाणी, सतरंजी, सगळं होतं. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "चप्पल बाहर उतारो. थैली अंदर अलाउड नहीं है."

अण्णा शर्ट खोचत होते. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. पायलने पिशव्या उचलून चिंचेखाली नेल्या, रुचिताचे सँडल जोडीने मांडले आणि खाली बसली.

"पायल, ऊठ," मी म्हटलं.

"जा ना ताई तुम्ही. मला काय, तीच झुंबरं नि त्याच खुर्च्या. पाय पण दुखतायत."

"ऊठ. आज अण्णा थांबतील."

अण्णा हसले. "मी? मग रुचिताला समजावून कोण सांगणार, तू?"

"पाट्या लावल्यात. तिला वाचता येतं."

"ताई, सोड ना यार," उदय मध्ये पडला. "मी थांबतो. वॉचमनकडे रेडिओ दिसतोय, स्कोअर तरी कळेल."

"तू नाही. अण्णा."

"हे काय नवीन काढलंस?" अण्णांनी आवाज चढवला नाही. चारचौघांत ते कधी चढवत नसत.

"नवीन काही नाही. सामानापाशी कोणीतरी थांबायचंच असतं. इतकी वर्षं थांबलंच ना कोणीतरी?"

त्यांना ते कळलं नाही. लहान मुलाचा हट्ट पुरवावा तसे ते पारावर टेकले आणि म्हणाले, "जा बाई. जाऊन या."

आत मला काही धड दिसलं नाही. शिसवी पलंग होते, घोड्यांची चित्रं होती, काचेच्या बरणीत जुनं मीठ ठेवलं होतं. उदय रुचिताला पुढे घेऊन गेला. पायल सुरुवातीला भिंतीच्या कडेकडेने चालत होती. मग न्हाणीघराच्या दारात थांबली आणि तोंडावर हात ठेवून म्हणाली, "ताई, हे बघा. आमच्या हॉलएवढं न्हाणीघर. इथे अंघोळ करताना हरवायची मी." ती मोकळेपणाने हसली. सासरी आल्यापासून ती दर सुट्टीला आमच्याबरोबर येत होती, आणि असलं घर आतून बघण्याची तिची ही पहिलीच वेळ असावी. मी तिला विचारलं नाही. उत्तर ऐकण्याइतकी जागा माझ्या रागात उरली नव्हती.

वरच्या सज्जात आम्ही रंगीत काचांपाशी उभ्या होतो. उत्तनची बस खालच्या रस्त्याने गेली.

"ही काच बघ रुचिता, ही परदेशातून बोटीने आली," मागून आवाज आला.

अण्णा होते. दोन्ही हात मोकळे.

"सामान?" पायलने विचारलं.

"वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलं. म्हटलं, भैया, जरा ध्यान रखना. रखो ना चाचा, बोलला. दोन मिनिटांचं काम." ते खुशीत होते. "एकाने उगाच बाहेर अडकून कशाला पडायचं?"

मी म्हटलं, "आईसाठी विचारलं होतं कधी?"

"काय?"

"सामान ठेवता का, म्हणून. कुठल्याही वॉचमनला."

"तिने कधी म्हटलंच नाही."

"म्हटलं होतं. हाच बंगला बघायचाय म्हणाली होती. मी तिथे होते."

"ताई, इथे नको ना," उदय हळूच म्हणाला.

"तुम्ही विहारात माईकवर सांगितलंत, तिला सगळे राजवाडे दाखवले. मला एक खोली सांगा अण्णा. कुठल्याही राजवाड्यातली एक खोली, जिथे ती तुमच्या शेजारी उभी होती."

अण्णांनी तोंड उघडलं. त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे. कुठल्या दिवाणखान्याचं छत कसं होतं, ते अजून सांगतात. ते आठवत होते, एकेका घरात जाऊन बघत होते, मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी मदत केली नाही. मुलंबाळं घेऊन एक कुटुंब आलं, आम्ही त्यांना वाट दिली, ते गेले.

"राजगृह," ते अखेर म्हणाले.

"ती सहल नव्हती."

"आजोबा, काच लाल कशी करतात?" रुचिताने विचारलं.

"मला वाटलं..." ते म्हणाले, "मला वाटलं, तिला बाहेर बसायलाच बरं वाटतं."

"देशमुखालाही तुमच्या आजोबांबद्दल तसंच वाटत असेल."

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. पण बोलून झाल्यावर परत घ्यावंसंही वाटलं नाही. अण्णांनी सज्जाचा कठडा धरला. एरवी मी त्यांच्यासाठी पाणी आणायला धावले असते.

"पायल," मी म्हटलं, "पुढची खोली बघायची ना?"

ती एकदा अण्णांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मी तिचा हात धरला आणि आम्ही निघालो. पुढे जेवणघर होतं, लांबलचक टेबल, त्यावर मांडलेली चिनी मातीची भांडी. मागून उदयने हाक मारली, "ताई, अण्णा इथेच खाली बसलेत. जरा थांब."

मी थांबले नाही.