खंडेनवमीचं बोट

"जालिंदरकाका, चार वाजता पेपर पाठवतेय. सात रस्ता चौकातनं पेढे आणून ठेवा की," तेजश्री म्हणाली. पाच वर्षं पीएचडीसाठी मान मोडून राबलेली पोरगी कधी नव्हे ती हसत हुती. मी ह्या लेझरच्या प्रयोगशाळेतला कंत्राटी मदतनीस. म्हटलं, आधी मला तरी दाखव, काय सापडलंय ते.

तिनं स्क्रीन वळवला. आमचा लेझर एका सेकंदात आठ कोटी वेळा लुकलुकतो. केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून बारीक गोष्ट त्यात दिसती. काळ्याभोर चित्रात पिवळे ठिपके चमकत हुते.

"कोळशाच्या ह्या पापुद्र्यात चमक असायलाच नको, काका! आणि गंमत म्हणजे दसऱ्याआधीच्या नमुन्यांत एकही ठिपका नाही. नंतरच्या सगळ्यांत आहे."

दसरा म्हटल्याबरोबर मला आदल्या दिवसाची खंडेनवमी आठवली.

खंडेनवमीला आमच्या घरी विळी, कोयता, सायकल, सगळ्याला हळदीकुंकू लागतं. मग बारा वर्षं ज्या यंत्रानं माझी पोरं जगवली, त्याला यंदाबी कोरडंच ठिवायचं व्हय? लेझरला हात लावायला बंदी. ती मी पाळली, लई शहाणा ना मी! शेजारच्या काचपट्ट्यांच्या डब्याला हळदीचं बोट लावलं. झाकण नीट बसलेलं नव्हतं, हळद आत सांडली असणार. त्याच काचांवर तेजश्री नमुने ठिवती. आणि हळद चमकती, हे दरसाल विज्ञानदिनाला जांभळ्या दिव्याखाली शाळेतल्या पोरांना दाखवतो कोण? मीच की!

तीन वाजून वीस मिनिटं. खरं बोललो तर कंत्राट गेलं. गप बसलो तर हळदीचा शोध हिच्या नावावर जगभर जाणार, आणि दुसऱ्या कुणी तोच प्रयोग करून बघितला की पोरीच्या तोंडाला काळं. चिमूटभर हळदीनं काय हुतंय, असं मनाला बजावत पेढ्यांना निघालो. पण पाय जिन्यातच अडले. दोनदा खाली उतरलो, दोनदा वर आलो.

शेवटी दारातनंच सांगून टाकलं.

तिनं डब्यातली एक कोरी काच काढली, लेझरखाली ठिवली. काचेवर काहीच नव्हतं, तरी ठिपके चमकले.

तिचे डोळे भरले. तिथंच तिनं तिच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. "सर, पेपर थांबवा. काचांवर हळद होती. माझ्याच हातून..."

"ए पोरी!" आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यावर ओरडलो. "फोन इकडं दे. हळद मी लावली, नाव माझंच सांगणार."

फोन घेतला. सरांनी नाव विचारलं, तवा आडनावासकट पुरं नाव सांगितलं.