सहा इडवल पॅरी

इडवल पॅरीने 'इडवल पॅरी' हे नाव चौथ्यांदा कोरून संपवलं, छिन्नी बाजूला ठेवली आणि अक्षरांतली भुकटी फुंकून काढली. चारही नावं सारखी उतरली होती. त्यातलं एकही त्याचं नव्हतं.

पहिलं होतं प्रवचनकाराचं. त्याने भर पावसात चार हजार माणसं अडीच तास उभी ठेवली होती. त्यातली नऊ पुढच्या आठवड्यात न्यूमोनियाने गेली, पण तृप्त होऊन गेली असं म्हणतात. दुसरं कप्तानाचं, ज्याने एकच जहाज दोनदा बुडवलं. तिसऱ्याने न फुटणारा बॉयलर शोधला होता आणि तो फुटला तेव्हा तो शेजारीच उभा होता. चौथा वेल्सकडून अकरा मिनिटं फुटबॉल खेळला.

ब्रिनकॅरेगमध्ये माणसांच्या मानाने नावं फार कमी. म्हणून नावापुढे धंदा नाहीतर खोड जोडायची: इडवल प्रवचन, इडवल जहाज, इडवल बॉयलर, इडवल डावा पाय. कोरणारा हा इडवल छिन्नी. वय चौऱ्याहत्तर. गावातला प्रत्येक माणूस शेवटी त्याच्या हाताखालून जायचा.

दार न वाजवता डिलिस आत आली. ती सकाळी पोस्टाची खिडकी सांभाळायची आणि उरलेला दिवस स्मारक समिती.

"सहावा सापडला," ती म्हणाली.

स्मारकाची दगडी पाटी सहा ओळींची होती. समितीचे अध्यक्ष गेथिन, निवृत्त हेडमास्तर, यांना सम संख्या आवडत. गावाने जन्माला घातलेले नामवंत इडवल पॅरी मात्र मोजून पाचच भरत होते. पाचवा म्हणजे कवी, इडवल खुर्ची. सहाव्यासाठी तीन बैठका झाल्या होत्या.

"कोण?"

"गेथिनसरांचा मेंढा."

इडवलने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. डिलिस तशीच दिसत होती.

"जिल्ह्याच्या प्रदर्शनात तीन वर्षं ओळीने पहिला आलाय. आणि कागदोपत्री नाव इडवल पॅरीच आहे. सरांनी कवीच्या आदरापोटी ठेवलेलं."

"मागच्या बैठकीत मी म्हटलं होतं, मला घ्या."

"झाली ना त्यावर चर्चा. जिवंत माणसं घ्यायची नाहीत असा नियम आहे."

"मेंढा जिवंत आहे."

"नियम माणसांचा आहे, इडवल." डिलिसने पाटीवर बोट फिरवून धूळ पाहिली. "आणि राग मानू नका, पण तुम्ही केलंय काय? म्हणजे, नाव घेण्यासारखं?"

इडवलने तोंड उघडलं. या प्रश्नासाठी त्याने पन्नास वर्षांत ते बऱ्याचदा उघडलं होतं.

"थडगी," तो म्हणाला.

"ते काम झालं हो. बरं, सालं अजून कोरू नका. कप्तानाच्या जन्मावरून दोन घरांत बोलणं बंद आहे."

ती गेली. इडवलने पाचव्या ओळीसाठी खडूची रेघ मारली. सरळ रेघ मारायला त्याला पट्टी लागत नसे. आज लागली.

*

खोऱ्याच्या आयस्टेडवॉडला, म्हणजे कवितेच्या वार्षिक मेळ्याला, कविता टोपणनावाने जाते. खरं नाव वेगळ्या पाकिटात, लाखेने बंद. जिंकणाऱ्याला आधी एक गुप्त पत्र येतं: अमुक दिवशी या, कुणाला सांगू नका. त्या दिवशी मंडप भरतो, तुतारी वाजते, परीक्षक टोपणनाव पुकारतात आणि गर्दीतला एक माणूस उभा राहतो. त्याच्यावर उजेड पडतो. त्याला ओकची कोरीव खुर्ची मिळते, आणि त्याच्या नावापुढे ती कायमची चिकटते.

एकाहत्तर साली इडवल छिन्नीने 'पाणकावळा' या नावाने कविता पाठवली. खाणीत दरड कोसळून गेलेल्या बापावर होती. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता. पत्र आलं नाही, म्हणजे जिंकलो नाही, असं धरून तो इतरांसारखाच मेळ्याला गेला आणि मागच्या बाकावर बसला. तुतारी वाजली. परीक्षक म्हणाले, "पाणकावळा. आणि फक्त पाणकावळाच उभा राहो."

तो उठला. अर्धाच उठला, कारण सहा रांगा पुढे दुसरा एक माणूस पूर्ण उठलेला होता आणि उजेड तिकडे निघून गेला होता. तो शाळामास्तर होता, तोवर इडवल शाळा. इडवलने खाली वाकून टोपी शोधल्यासारखं केलं आणि टोपी घेऊन बसला.

पुढे ज्याला त्याला पटेल असा पुरावा त्याच्याकडे काही नव्हता. लाखेच्या पाकिटात लिहिलं होतं: इडवल पॅरी, ब्रिनकॅरेग. ते खोटं नव्हतंच.

खुर्ची मिळाल्यावर मास्तरांनी पुन्हा एकही ओळ लिहिली नाही. लोक म्हणाले, शिखरावर पोचलेला माणूस कशाला हालचाल करेल. छिन्नी मात्र लिहीत राहिला. गावातल्या एकशे चाळीस थडग्यांवरच्या चार चार ओळी त्याच्याच होत्या. थडग्यावर कवीचं नाव घालायची पद्धत नाही.

*

मॉर्फिड गुरुवारी दुपारी आली. इडवल खुर्चीची बायको, चौऱ्याऐंशी वर्षांची, हातात काठी आणि काठीचा उपयोग मुख्यतः दाखवण्यासाठी. ती कामाच्या बाकावर बसली आणि पर्समधून एक जुनं, साईच्या रंगाचं पाकीट काढून पाटीवर ठेवलं, बरोबर पाचव्या ओळीवर.

"वाच."

इडवलने हात पुसले. पत्र एवढंसं होतं. 'पाणकावळा' यांची कविता निवडली गेली आहे, मेळ्याला यावे, गुप्तता पाळावी.

"ह्यांनी 'प्रभातकिरण' नावाने पाठवली होती," मॉर्फिड म्हणाली. "मीच टाइप केली. सतरावी आली. सतराच आल्या होत्या."

इडवलने पत्र उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

"पत्र आमच्याकडे कसं आलं, ते तुला ठाऊक असेल."

ठाऊक होतं. डिलिसचे वडील तेव्हा पोस्टमन होते आणि पाकिटावर नुसतं 'इडवल पॅरी' असलं तर त्यांची एक रीत होती: खाकी पाकीट छिन्नीकडे, काळ्या काठाचं शोकपत्र प्रवचनकाराच्या घरी, जाड आणि महाग दिसणारं मास्तरांकडे. चाळीस वर्षं ही रीत कधी चुकली नाही.

"ते म्हणाले, चूक आहे, उद्या सांगतो. मग म्हणाले, मेळा होऊ दे, मग सांगतो. मग अडतीस वर्षं 'उद्या' म्हणाले."

"त्यांच्या थडग्यावर 'कवी' मीच कोरलं," इडवल म्हणाला. "तुम्ही समोर उभ्या होता, मॉर्फिडबाई."

"तेव्हा मी रडत होते."

"मग आता काय झालं?"

"मोतीबिंदू काढला." तिने काठी दोनदा जमिनीवर आपटली. "आता ते चर्चच्या दारातून वाचता येतं. दर रविवारी."

इडवलला हसू आलं आणि त्याचा खोकला झाला. पन्नास वर्षांची भुकटी होती, लवकर संपली नाही. मॉर्फिड थांबली.

"खुर्ची घेऊन जा," ती म्हणाली. "आम्ही कधी बसलो नाही तिच्यावर. मांजर बसते."

"माझ्या दारातून आत येणार नाही."

"मग निदान पाटीवर तरी खरं येऊ दे. मी समितीसमोर सांगते. तू फक्त ये. आणि टोपी काढून ये, चांगला दिसतोस."

इडवलने त्या रात्री दाढी केली. बैठक शनिवारी होती. शनिवारी त्याने परत केली.

*

चर्चच्या मागच्या खोलीत चहा, मनुका घातलेला पाव आणि गेथिन होते. मॉर्फिडने सगळं उभ्याने सांगितलं. पत्र टेबलावरून फिरलं. गेथिनने ते दोनदा वाचलं, पहिल्यांदा हेडमास्तरसारखं, दुसऱ्यांदा शेजाऱ्यासारखं, आणि कोपऱ्याला लोणी लागू नये म्हणून आपल्या बशीपासून दूर ठेवलं.

पहिली डिलिस बोलली.

"म्हणजे माझ्या बाबांनी पत्र चुकवलं?"

तिने चहाची किटली टेबलावर आपटली.

"पुलाजवळच्या बाबांच्या बाकावर काय लिहिलंय? 'यांनी एकही पत्र चुकवले नाही.' तुम्हीच कोरलंय, इडवल. कोरताना काही बोलला नाहीत."

"तू पैसे आधीच देऊन ठेवले होतेस," इडवल म्हणाला.

"आई अजून जाऊन बसते त्या बाकावर."

"डिलिस, बस," गेथिन म्हणाले. मग ते इडवलकडे वळले. दोघे एकाच वर्गात होते. इडवल दहावीला गेलाच नाही एवढाच फरक. "इडवल, मला खरंच वाईट वाटतंय. आधी बोलायला हवं होतंस."

"कुणाशी?"

"ते खरंय." गेथिनने समोरचा आराखडा जवळ ओढला आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. ते बोट तिथेच राहिलं. हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला. "पण हे बघ ना. काय लिहिलंय इथे? 'इडवल पॅरी, कवी.'"

"मग?"

"मग बरोबरच आहे! काल बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. एक अक्षर बदलायला नको."

डिलिसने मान वर केली. "बदलायला नको?"

"अजिबात नको. सालं गाळू. सगळ्यांचीच गाळू. कप्तानाचं भांडणही मिटलं."

"मग लोकांना कळणार कसं, कोणता इडवल?" मॉर्फिडने विचारलं.

"ज्याला माहिती आहे त्याला कळेलच," गेथिन म्हणाले. "ज्याला माहिती नाही त्याची काही अडचण नाही. इडवल, आता तू पाटीवर आहेस, बाबा! जिवंत माणूस. नियम मोडून घेतलं तुला. खूष?"

डिलिसने सुटकेने सगळ्यांना परत चहा ओतला. इडवलच्या कपात दोन चमचे साखर जास्त घातली. त्याला साखर चालत नव्हती. तो प्यायला.

"मेंढ्यापुढे मात्र बिरुद लागेल," गेथिन म्हणाले. "गैरसमज नको."

*

पाचवी ओळ इडवलने एका दिवसात कोरली. सहाव्या ओळीला तीन दिवस लागले, कारण गेथिनला शिंगांचं चित्र हवं होतं.

अनावरणाला सगळं गाव आलं. मैदानावर बाकं मांडली होती. बँडमधल्या एका मुलीकडे तुतारी होती. मेंढा धुऊन, विंचरून, गळ्यात निळी फीत बांधून पाटीशेजारी उभा केला होता. दोन वर्तमानपत्रांचे फोटोवाले त्याच्यासाठीच आले होते. मॉर्फिड पहिल्या रांगेत होती. इडवलला कोरणारा म्हणून तिसऱ्या रांगेत जागा राखून ठेवलेली होती.

कापड दूर झालं. दगड छान दिसत होता. गेथिनने एकेक नाव वाचायला सुरुवात केली आणि प्रत्येक नावाला त्या त्या घरातलं कुणीतरी उभं राहून टाळ्या घेऊ लागलं. प्रवचनकाराची पणती उभी राहिली. कप्तानाच्या दोन्ही घरांतून एकेक जण उभा राहिला, एकमेकांकडे न बघता. बॉयलरकडून कुणी उरलं नव्हतं. डाव्या पायाचा मुलगा उभा राहिला.

"इडवल पॅरी," गेथिन म्हणाले, आणि पोरीने ठरल्याप्रमाणे तुतारी वाजवली, फक्त याच नावासाठी. "कवी."

सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. मॉर्फिड उठली नाही. तिने दोन्ही हात काठीवर ठेवले, अवघडून मागे वळली आणि तिसऱ्या रांगेत पाहत राहिली.

इडवल उभा राहिला. या वेळी पूर्ण. गुडघे वाजले. पुढच्या दोन्ही रांगांत कुणीही उभं नव्हतं. ऊन नेमकं त्याच्या तोंडावर येत होतं. टाळ्या वाजवायला वर गेलेले हात तसेच थांबले, लोक इकडेतिकडे बघू लागले, डिलिस हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत बघू लागली.

मागून एक बाई म्हणाली, "अहो काका, बसा ना खाली. मेंढा दिसत नाहीये."

इडवलने वाकून टोपी शोधली. ती त्याने घरीच ठेवली होती.