काटेवाल्याची मुलगी

"चढ," काटेवाला म्हणाला, आणि मुलगी पेटी घेऊन वजनकाट्याच्या फळीवर उभी राहिली.

बाहेर धुकं इतकं दाट होतं, की धावपट्टीवरचं चिमुकलं विमान कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं दिसत होतं. जगात ही खोली, हा काटा आणि आपण तिघंच उरलोय, असं काटेवाल्याला वाटत होतं. तिसरा म्हणजे वैमानिक. तो दारात उभा राहून घाई करत होता.

साहेबाने हा विमानतळ बांधला तेव्हापासूनचा नियम होता: माणूस सामानासकट तोलायचा, आणि सुई लाल रेघेपुढे गेली तर त्याने मागे राहायचं. पुढे साहेब गेला, त्याचा झेंडा उतरला, विमानं कमी होत होत आठवड्याला एकावर आली. काटा तेवढा राहिला. याच फळीवर लाटसाहेब, त्यांच्या मडमा, टपालाच्या थैल्या, एकदा तर एका मडमेचा लठ्ठ कुत्राही चढला होता, आणि काटेवाल्याच्या वडिलांनी कुणाचीही भीडभाड न ठेवता सगळ्यांना तोललं होतं. घराण्याची इस्टेट काय ती एवढीच.

मुलीला परवा दूरच्या शहरात नोकरीवर हजर व्हायचं होतं. हे विमान चुकलं की नोकरी गेली. बायको वारल्यापासून घरात बापलेक दोघंच होती.

सुई थरथरत लाल रेघेच्या पुढे जाऊन थांबली.

"जास्त भरतंय," काटेवाला तिच्याकडे न बघता म्हणाला.

"मग सामान काढा," वैमानिक म्हणाला, "नाहीतर पुढच्या आठवड्यात या."

मुलीने पुस्तकं काढून बाकावर ठेवली. सुई जरा हलली, पण रेघेच्या अलीकडे काही येईना.

"हाडंच जड दिसतायत," वैमानिक हसला.

काटेवाल्याला हसू आलं नाही. त्याच्या बुटाचं टोक फळीच्या मागच्या कोपऱ्यावर टेकलेलं होतं. ते तिथे कधी गेलं, हे त्यालाही नीट कळलं नव्हतं. आता काढावं म्हटलं तर पाय उचलत नव्हता. पोर गेली तर घर खायला उठेल, ही धास्ती त्याला सोडत नव्हती.

मुलगी पुन्हा पेटीशी वाकली. जरा जास्तच वेळ वाकून राहिली. मग तिने आईची लोकरीची शाल काढली.

"बाबा, ही तुम्हालाच राहू दे. सकाळी गारठा असतो, अंगावर घेत जा."

काटेवाल्याने शाल घेतली. घेता घेता एक पाऊल मागे सरकला. सुई झर्रकन खाली आली.

"एका शालीचं एवढं वजन?" वैमानिक म्हणाला.

"जुनी लोकर आहे," मुलगी म्हणाली. "दमट हवेत पाणी धरते."

"बरं, पुस्तकंही घे मग. चल लवकर."

विमानाच्या शिडीपर्यंत काटेवाला पेटी घेऊन गेला. मुलीने पेटी हातात घेतली आणि त्याच्या कानाशी हळूच म्हणाली,

"पाय अवघडला असेल, बाबा. घरी जाऊन जरा बसा."