क्रियापदाआधीचा शब्द

"मी केला चहा," मारिके म्हणाली.

"क्रियापद शेवटी," रुकनेत्तिन मास्तर साखर ढवळत म्हणाले. "मी चहा केला. म्हणजे कॉफी नाही, चहा. आणि 'चहा मी केला' म्हणजे?"

"सेर्मेतने नाही. मी."

"शाब्बास! क्रियापदाला खेटून बसतो ना, त्या शब्दात वाक्याचा जीव असतो."

मास्तरांचा उभा जन्म तुर्कस्तानातल्या एदिर्नेच्या शाळेत तुर्की शिकवण्यात गेला होता. बायको वारल्यावर मुलगा सेर्मेत जर्मनीहून परतला, सोबत ही जर्मन सून. घर पुन्हा नांदतं झालं होतं. पण मागच्या आठवड्यात सेर्मेत दारातूनच म्हणाला, "आम्ही परत चाललोय," आणि जिना उतरून गेला. तेव्हापासून मास्तर सुनेशी तुर्कीच्या शिकवणीपुरतंच बोलत. तास बुडवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आज मात्र त्यांना राहवलं नाही. "शिकून तरी काय करणार तू? पोराला घेऊन निघालीसच की माझ्या."

मारिकेने पेला खाली ठेवला. शब्द मनाशी जुळवले. "जायचं सेर्मेतने ठरवलं."

"'सेर्मेतने जायचं ठरवलं' असं म्हण. साधं वाक्य आहे."

"नाही बाबा, माझं बरोबर आहे. जायचं सेर्मेतने ठरवलं. मला राहायचं होतं."

मास्तरांचा चमचा थांबला. "का पण?"

आता तिची वाक्यं विस्कटली. "तो म्हणतो, भीती वाटते बोलायची या घरात. लहानपणापासून. तुम्ही चूक ऐकता. तो सांगतो काय, ते नाही."

मास्तरांनी एकही शब्द सुधारला नाही. त्यांना पहिलीतला सेर्मेत आठवला. गुडघा फुटलेला, मोज्यापर्यंत रक्त. "पडलो मी बाबा, दगडावर!" आणि ते म्हणाले होते, आधी वाक्य नीट बोल, मग गुडघा बघू. पोराने हुंदके गिळून वाक्य नीट म्हटलं होतं. त्या दिवशी मास्तरांना केवढा अभिमान वाटला होता! पुढे तो एकेका शब्दात उत्तरं कधी देऊ लागला, ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

निघायच्या सकाळी सेर्मेतने डिकी लावली आणि रीतीप्रमाणे वडिलांच्या हाताचं चुंबन घेऊन तो हात कपाळाला लावला.

"निघतो."

मास्तरांना खूप बोलायचं होतं. "गाडी हळू चालव," एवढंच ते म्हणाले.

"हो."

मारिकेने मात्र त्यांना मिठी मारली.

शेजारच्या मुझेय्येनबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. "ओता मास्तर, ओता गाडीमागे! पाण्यासारखे जातील, पाण्यासारखे परत येतील."

मास्तरांनी तांब्या हातात घेतला तोवर गाडी मशिदीच्या वळणाआड गेली होती. "राहू द्या आता," मुझेय्येनबाई हळूच म्हणाल्या. मास्तर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि तांब्या रिकामा होईपर्यंत सावकाश पाणी ओतत राहिले. त्यांचे बूट भिजले.