चार नंबरची वायर

तिने बाह्या कोपराच्या वर सारल्या आणि पहिली वायर प्लगवर दाबली. रबरी टोपी टक् करून बसली तेव्हाच हात काढला.

शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या दिराने चहाचा पेला जमिनीवर ठेवला.

"सावकाश होऊ द्या, वहिनी. भंगारवाल्याला मी बाराची वेळ दिलीय. त्याच्या आत आवरलं तर उत्तमच."

"लक्षात आहे, भावोजी."

"नाही, मागाहून माझ्या नावाने बोटं मोडायला नकोत."

वाटणीत शेड त्याच्याकडे गेली होती, आणि शेडमध्ये जे उभं होतं तेही. नवऱ्याला जाऊन सात महिने झाल्यावर तिने त्याची ही जुनी गाडी मागितली, तेव्हा दिराने चार नातेवाइकांसमोर सांगून टाकलं होतं: रविवारी बाराच्या आत स्वतःच्या इंजिनावर बाहेर काढा आणि न्या. ढकलायची नाही, ओढायची नाही. एक मिनिट उशीर झाला तर भंगारात.

आज सकाळी चार्ज केलेली बॅटरी घेऊन ती आली, बॉनेट उचललं, तर प्लगच्या चारही वायरी काढून, दोरीने त्यांची जुडी बांधून कोपऱ्यात ठेवलेली.

"उंदीर फार झालेत," दीर म्हणाला होता.

"उंदरांना गाठ मारता येते वाटतं," असं म्हणून तिने गाठ सोडली होती. मग तिचं लक्ष बाहेरच्या फाटकाकडे गेलं. एकच दार उघडं होतं. त्यातून फार तर सायकल गेली असती.

"दुसऱ्याची कडी गंजलीय," तो म्हणाला. "आधी गाडी चालू तर होऊ दे."

आता तिने चारही प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर बोट फिरवलं. चार उंचवट्यांपैकी एकाशी कोरलेला एकचा आकडा पुसट असला तरी बोटाला कळत होता. तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे जायचं: एक, तीन, चार, दोन. दर रविवारी नवरा प्लग साफ करताना हे चार आकडे जपासारखे पुटपुटत असे आणि ती टॉर्च धरून उजेड दाखवत असे. प्लग काढले, पुसले, परत लावले. पण वायरींची झाकणाकडची टोकं त्याने कधी हलवली नव्हती. ते काम तिला गाडीच्या पुस्तकावरून करावं लागत होतं. चार नंबरची वायर पोहोचेना. ती तिने ताणून बसवली.

ती आत बसली आणि किल्ली फिरवली. इंजिन दोन वेळा कण्हलं आणि कार्ब्युरेटरमधून बंदुकीसारखा फट्ट आवाज आला. छपरावरची कबुतरं उडाली.

"वा," दीर म्हणाला. "सलामी दिली तुम्हाला."

ती खाली उतरली. प्रत्येक वायर बोटाने धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. पुन्हा किल्ली. पुन्हा फट्ट. घड्याळात बाराला वीस कमी होते.

"पुस्तक बघा की. दादाचं आहे ना ते, पाठ केलेलं."

"पुस्तकाप्रमाणेच आहे सगळं."

"मग पुस्तकच चुकलं असेल. नाहीतर आमच्या घरात चुकणारा मी एकटाच. तुमच्या कानावर असेलच म्हणा. जेवायला बसल्यावर हसला असाल दोघं."

"कशावर?"

"राहू द्या. सोंग नको."

तिने चिंधीला हात पुसले. एरवी ती असल्या बोलण्याला उत्तर देत नसे. सकाळीच तिने मनाशी ठरवलं होतं, काही झालं तरी आवाज चढवायचा नाही. तो तिने चढवलाही नाही.

"या गाडीवर ते कधी हसले नाहीत, भावोजी. या इंजिनापायी त्यांनी सासऱ्यांच्या पट्ट्याचा मार खाल्ला, एवढंच मला माहीत आहे. कोपराखालचा वण शेवटपर्यंत होता. इंजिन खोललं आणि डिस्ट्रिब्युटर उलटा बसवला म्हणे."

दिराने पेल्याकडे नेलेला हात तसाच राहिला.

"कोणी बसवला म्हणे?"

"कोणी म्हणजे? त्यांनीच. एकोणीस वर्षांचे होते. तुम्ही लहान असाल, तुम्हाला कुठलं आठवायला."

"सोळाचा होतो."

तिने चिंधी मडगार्डवर टाकली.

"तुम्हाला हेच सांगितलं त्याने? तुम्हालासुद्धा?"

"मला वेगळं कशाला सांगतील?"

तो उठला. लग्न होऊन आल्यापासून या गाडीच्या चार हातांच्या आत त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. तो तिच्या बाजूने पुढे झाला, बॉनेटखाली वाकला आणि झाकणावरच्या चारही वायरी न बघता उपसल्या. एकची चारच्या जागी, चारची एकच्या. तीन आणि दोनचीही तशीच अदलाबदल. चार नंबरची वायर आता सैल, आपल्या जागी पडून राहिली.

"परत काढून सरळ बसवायला बाबांनी हात लावू दिला नाही," तो इंजिनाशीच बोलल्यासारखा म्हणाला. "मग दादाने वायरी समोरासमोर बदलल्या. तेव्हापासून असंच आहे. लावा किल्ली."

ती आत बसली. पहिल्याच खेपेला इंजिन सुरू झालं. आधी अडखळत, मग एका लयीत. तिने हँडब्रेकवर हात ठेवला आणि समोर बघितलं.

बाहेर भंगारवाल्याच्या ट्रकने हॉर्न दिला. दिराने तिकडे मान वळवली नाही. बॉनेट हळूच खाली घेतलं, मडगार्डवरचा तिचा पाना उचलला, आणि तो फाटकाच्या मिटलेल्या दाराशी जाऊन, तिच्याकडे पाठ करून, कडी ठोकू लागला.

कडी तिसऱ्या ठोक्यालाच सुटली. तरी तो बराच वेळ ठोकत राहिला.