कुणीच न पाहिलेला सिनेमा

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून प्लॅस्टरचे पांढरे साचे यायचे. त्यांवर ती गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवायची आणि एकेक दात असा बसवायची, की तो जन्मापासून तिथेच होता असं वाटावं. एकवीस वर्षं हेच काम. कामावरचे लोक तिला 'बत्तिशी' म्हणायचे, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

लग्न जमवलं होतं ते तिच्या शाळेतल्या मैत्रिणीने. मैत्रीण उंचीने बेताची, म्हणून सगळे तिला बुटकीच म्हणत. "माझ्या दादाशी लग्न कर, म्हणजे कुठली तरी अनोळखी वहिनी माझ्या वाट्याला यायला नको," असं ती म्हणाली होती, आणि तसंच झालं. मैत्रिणीची नणंद झाली. पुढे बुटकी लग्न करून चार तासांवरच्या गावी गेली, तिथल्या शाळेत ग्रंथपाल म्हणून लागली, पण दोघींचं बोलणं काही तुटलं नाही.

तीन वर्षांपूर्वी दोघींनी एक ठरवलं. आठवड्याला एक सिनेमा, आपापल्या घरी बघायचा, आणि मग एकमेकींना आवाजी निरोप पाठवून सांगायचं, कसा वाटला ते. बत्तिशीचा नवरा इस्पितळातल्या लिफ्टची देखभाल करायचा. त्याची पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. त्यामुळे संध्याकाळ तिची एकटीची असे. पाय खुर्चीवर घेऊन ती सिनेमा बघायची आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, प्लॅस्टरच्या पोत्यांच्या खोलीत उभी राहून फोनमध्ये बोलायची.

तिचं बोलणं काही शहाण्यासुरत्या समीक्षकाचं नव्हतं. "ती नटी रडते छान गं, पण नाक लाल होत नाही तिचं. नाक लाल न होता कुणी रडतं का?" किंवा, "खलनायकाचे दात बघितलेस? इतके सरळ! असल्या दातांचा माणूस आयुष्यात कुणाला चावला असेल असं वाटतच नाही." बोलता बोलता तिला स्वतःचंच हसू यायचं. बुटकीचं उत्तर थोडक्यात असे: "अगदी बरोबर." "हो ना, मलाही तस्संच वाटलं." तेवढ्यानेही तिचं पोट भरायचं. आपण बोलतो आणि कुणीतरी ऐकतं, हे काय कमी आहे?

सिनेमाबद्दल बोलता बोलता माणूस कधी स्वतःबद्दल बोलायला लागतो ते त्यालाच कळत नाही. घर सोडून जाणाऱ्या एका बाईचा सिनेमा होता. त्यावरचा तिचा निरोप अकरा मिनिटांचा झाला.

"मीही एकदा निघाले होते गं," ती म्हणाली. "चौदा वर्षं झाली. भांडण नाही, काही नाही. तुझा दादा महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होता, तेवढंच. एका दुपारी पिशवी भरली आणि स्टॉपवर जाऊन बसले. तीन बसेस सोडल्या. मग घरी आले, कपडे परत कपाटात लावले. त्याला पत्तासुद्धा नाही. तुला म्हणून सांगितलं. पोटात ठेव."

"ठेवलं," बुटकीचं उत्तर आलं.

त्यानंतर काही दिवसांनी नवरा सकाळी तिला बसपर्यंत सोडायला यायला लागला. आधी तिला नवलच वाटलं. सकाळी त्याला काम नसे, पण इतकी वर्षं तो त्या वेळेला वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसलेला असायचा. आता तो चपला घालून दारात उभा. बस हलेपर्यंत थांबायचा.

मग एका सिनेमात एक म्हातारा बायकोला संत्रं सोलून देताना प्रत्येक फोडीचे धागे काढून देतो, ते तिला फार आवडलं होतं. तसं तिने बुटकीला सांगितलंही. आठवड्याभरात नवऱ्याने तिच्यापुढे बशी ठेवली. फोडी स्वच्छ, एक धागा नाही. तिने काही विचारलं नाही. फोडी खाल्ल्या, आणि त्या दिवशी कामावर मेण वितळवताना ती चक्क गुणगुणत होती. उशिरा का होईना, माणूस उमगला म्हणायचं. "तुझा दादा बदललाय गं," तिने बुटकीला कळवलं. बुटकी त्यावर जरा जास्तच वेळ हसली.

पण त्यापुढचं तिला खटकलं. एका सिनेमात नवरा जेवताना फोन पालथा ठेवतो, बायकोकडे बघतो आणि विचारतो, "आज काय काय झालं तुझं?" "असा नवरा सिनेमातच मिळायचा!" असं ती निरोपात म्हणाली होती. पुढच्या सुट्टीच्या दिवशी नवऱ्याने जेवताना फोन पालथा ठेवला. तिच्याकडे बघितलं. आणि शब्दाला शब्द तेच वाक्य म्हणाला, पाठ केल्यासारखं.

शंकेची पाल चुकचुकली. हा तर सिनेमा सुरू झाला की दहाव्या मिनिटाला घोरतो. याला कुठून सुचलं?

दोन दिवस तिने विचार केला. तिसऱ्या दिवशी प्लॅस्टरच्या खोलीत उभं राहून तिने एक अख्खा सिनेमा रचला. नावही ठोकून दिलं. बोटीवर काम करणारा एक माणूस, तीस वर्षांची झुपकेदार मिशी, आणि पन्नाशीत एके सकाळी बायकोसाठी तो ती काढून टाकतो. "बायको त्याच्या ओठाला हात लावते गं, आणि म्हणते, हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. मी तर बघतच राहिले. यापेक्षा जास्त कुणी कुणासाठी काय करावं?"

मिशी तिने मुद्दाम निवडली होती. नवऱ्याची मिशी म्हणजे त्याचा जीव की प्राण. मागे ओठाला जखम झाली तेव्हा टाके घालायला ती भादरावी लागेल म्हटल्यावर तो नर्सशी भांडला होता. मिशीला हात लागला नाही, म्हणजे आपली शंका खोटी. देवा, खोटीच ठरू दे, असं तिने मनात म्हटलंसुद्धा.

संध्याकाळी बसमध्ये बुटकीचं उत्तर ऐकलं. "पाहिला गं, कालच पाहिला! तो मिशीचा प्रसंग तर काय सांगू, डोळ्यांत पाणीच आलं."

तिने ते पुन्हा ऐकलं. जो सिनेमा कुणी काढलाच नव्हता, तो पाहून बुटकी रडली होती. मग संत्र्याचा तरी तिने पाहिला होता का? घर सोडणाऱ्या बाईचा? बसमध्ये शेजारच्या बाईने तिला दोनदा सरकायला सांगितलं, तेव्हा कुठे ती भानावर आली.

तरी नवऱ्याबद्दल थोडी आशा बाकी होती. ती शनिवारी सकाळी संपली. न्हाणीघरात नवऱ्याला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. बाहेर आला तो ओठावर कापसाचा तुकडा लावून. मिशी नव्हती. एकवीस वर्षं लोकांच्या ओठांआडचे दात बसवणाऱ्या बाईला आपल्याच नवऱ्याचा ओठ ठाऊक नव्हता. पातळ होता, डावीकडे किंचित वर ओढलेला.

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि थांबला. कशाची वाट बघतोय ते तिला कळत होतं. तिने हात लावण्याची, आणि ते वाक्य म्हणण्याची.

"कसा दिसतो?" शेवटी त्यानेच विचारलं.

"कुणी सांगितलं काढायला?"

"कुणी नाही. वाटलं, काढावी."

"अहो, असा सिनेमाच नाहीये," ती म्हणाली. "मी रचला तो."

"कुठला सिनेमा?" त्याने विचारलं, पण विचारायला फार उशीर झाला होता. ते त्यालाही समजलं. तो खाली बसला.

तिने हात पुढे केला. त्याने फोन दिला, नाही म्हणाला नाही. बहिणीशी झालेल्या त्याच्या बोलण्यात तिचे सगळे निरोप एकाखाली एक ओळीने होते. सर्वांत वर अडीच वर्षांपूर्वीचं त्याचं वाक्य होतं: "ती तुला काय सांगते ते मला पाठवत जा. मला ती काहीच सांगत नाही." अकरा मिनिटांचा निरोपही होता. त्याखाली त्याने लिहिलं होतं, "कुठला स्टॉप होता?" आणि बुटकीने, "विचारू नकोस तिला. ओळखेल."

"तुम्ही रोज सकाळी येता," तिने विचारलं, "ते मला सोडायला, की मी कुठल्या बसमध्ये चढते ते बघायला?"

त्याने ओठावरचा कापूस काढून हातात घेतला.

"आधी बघायला," तो म्हणाला. "मग सवय झाली."

तिला रडू आलं नाही. आपल्याला भर रस्त्यात उघडं केलं आणि वर पांघरूण आणून दिलं, तसं काहीसं वाटलं.

"वाईट काय केलं मी?" तो म्हणाला. "तुला हवं तसंच वागलो ना?"

"संत्रं तुम्ही सोललंत असं मला वाटलं होतं."

"मीच सोललं की!"

ती उठली आणि बुटकीला फोन लावला. बुटकी शाळेत होती, मागे पुस्तकं रचल्याचे आवाज येत होते.

"अगं वहिनी, एवढं काय झालं?" सगळं ऐकून घेतल्यावर बुटकी म्हणाली. "तुमचा संसार सुधारला ना? तूच म्हणालीस, दादा बदललाय."

"किती सिनेमे पाहिलेस तू?"

"पहिले चार पाहिले की. मग वेळच होईना."

"मग तसं सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू बोलायचं बंद केलं असतंस. आणि दादा इतका वाट बघायचा गं तुझ्या निरोपाची! घरी बोलायला गेला की तू गप्प."

"मी पोटात ठेव म्हटलं होतं."

"दादा काय परका आहे? माझं पोट आणि त्याचं पोट, फरक काय?"

कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कुंपणाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. "मग मी कोण होते तुझी?" तिने विचारलं.

"वेडी आहेस का? वहिनी आहेस तू माझी."

"त्याच्या आधी मैत्रीण होते."

पलीकडे शाळेची घंटा झाली. "मुलं आली गं, नंतर बोलू," म्हणून बुटकीने फोन ठेवला. नंतर तिने केलाही, पण बोलणं हवापाण्यापलीकडे गेलं नाही. महिनाभर ती सिनेमांची नावं पाठवत राहिली. मग तेही थांबलं.

बत्तिशी घर सोडून गेली नाही. नवऱ्याला टाकून बोलली नाही, अबोलाही धरला नाही. फक्त सकाळी मागच्या गल्लीने दहा मिनिटं जास्त चालून दुसऱ्या स्टॉपवर जायला लागली. पहिल्या दिवशी तो चपला घालून दारात आला होता. "नको," ती म्हणाली. त्याने चपला काढल्या.

त्याची मिशी हळूहळू परत आली. सुट्टीच्या दिवशी तो आता तिच्या शेजारी बसून सिनेमा बघतो. घोरत नाही. डोळे ताणून, हाताची घडी घालून शेवटपर्यंत बसतो, आणि संपला की विचारतो, "कसा वाटला?"

"बरा होता," ती म्हणते.

तो आणखी थोडा थांबतो, पुढे काही येईल म्हणून. ती कप उचलून आत जाते.

सांगण्यासारखं तिला अजूनही सुचतंच. परवाच्या सिनेमातली सासू खोटं बोलण्याआधी दर वेळी पदराने चष्मा पुसते. हे दिग्दर्शकाने मुद्दाम केलं, की त्या नटीला सवयच होती, हा प्रश्न तिच्या डोक्यात दोन दिवस घोळत होता. जेवणाच्या सुट्टीत ती प्लॅस्टरच्या खोलीत गेली, पोत्याला टेकून थोडा वेळ उभी राहिली. मग परत जागेवर येऊन बसली, दिवा पेटवला आणि मेण गरम करायला घेतलं.